खळ प्यायलेला डावा पंख

मित्रांनो, मी एक जुना पंख आहे. पक्ष्याचा असतो तर जोडीला दुसरा तरी असता. मी पडलो बाल्सा लाकडाचा, खेळातल्या विमानाचा आणि त्यातही डावा. सोलापुरात रेवणप्पांच्या घरी, भांड्यांच्या फळीवर, तांब्याच्या हंड्यामागे मी पाच वर्षं पडून होतो. उभ्या आयुष्यात मी एकच दिवस उडालो, तोही धड नाही. तरी माझी गोष्ट ऐका. ती ज्यांनी सांगायची ती दोन माणसं पाच वर्षं गप्प राहिली, आणि मला तर देवाने तोंडच दिलेलं नाही.

कलकत्त्याहून पार्सलने आलेल्या एका चपट्या खोक्यातून मी या घरात आलो. तेव्हा मी पंख नव्हतोच. पातळ फळ्यांवर छापलेल्या फासळ्या, चार-सहा काटकुळ्या दांड्या, घडी घातलेला तलम कागद आणि एक भलामोठा इंग्रजी नकाशा, एवढंच माझं भांडवल. पोस्टमनने खोका हातात तोलून पाहिला आणि म्हणाला, "आत काय हाय, का नुसता वारा भरलाय?" बाल्सा लाकूड असंच असतं. हातात घ्यावं तर हात रिकामाच वाटतो.

खोका मागवला होता जगदेवीने. जगदेवी ही रेवणप्पांच्या बहिणीची मुलगी. अक्कलकोटच्या पलीकडे त्यांचं गाव, तिथे सातवीच्या पुढे शाळा नव्हती, म्हणून मामांनी तिला शिकायला सोलापूरला आणलं होतं. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. घरात मामा, सुंदरम्मा मामी आणि ही, एवढीच माणसं. पोरीला विमानांचं भारी वेड. होटगी रोडच्या विमानतळावर महिन्या-दोन महिन्यांत एखादं छोटं विमान उतरायचं. ते उतरणार अशी नुसती कुणकुण लागली की ही सायकल काढायची आणि कुंपणाच्या तारेला नाक लावून उन्हात उभी राहायची.

साल होतं १९७४. शाळांसाठी ग्लायडरची स्पर्धा जाहीर झाली. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. आपल्या हातांनी खेळातलं ग्लायडर बांधायचं आणि मैदानावर उडवून दाखवायचं. पहिल्या दोघांना पुण्याला आठ दिवसांचं शिबिर, आणि शिबिराच्या शेवटी खऱ्याखुऱ्या ग्लायडरमध्ये बसून आकाशात एक फेरी. अट एकच होती. सतरा वर्षं पूर्ण झालेली नकोत. जगदेवीची ती जूनमध्ये पूर्ण होत होती. म्हणजे तिच्यासाठी हे पहिलंच वर्ष आणि शेवटचंही. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी ती भाकरी अर्धी टाकून उठली, असं मामी नंतर सगळ्यांना सांगायच्या.

माझा जन्म झाला तो जेवणाच्या पाटावर. पाटावर नकाशा, नकाशावर मेणकागद आणि त्यावर टाचण्यांनी रोवलेली माझी दांडी. जगदेवी ब्लेडने एकेक फासळी कापायची, जीभ दातांत धरून. एक फासळी मोडली तेव्हा ती रडली नाही, पण तिने ती टाकूनही दिली नाही. डिंक लावून जोडली आणि माझ्या पोटात बसवली. ती जोडलेली फासळी आजही माझ्यात सगळ्यांत घट्ट आहे.

रेवणप्पा मिलमध्ये सायझिंग खात्यात होते. मागावर चढण्याआधी उभ्या सुताला पिठाची खळ पाजतात, म्हणजे धागा कणखर होतो आणि विणताना तुटत नाही. ते काम त्यांचं. सव्वीस वर्षं खळीत राहून त्यांच्या अंगालाही शिजल्या पिठाचा वास लागला होता. तीनचा भोंगा झाला की ते घरी येत, पाय धुवत आणि पाटाजवळ मांडी घालून बसत.

"जगव्वा, मला बी काय तरी काम दे की."

मग तिने त्यांना पॉलिशपेपर दिला. मित्रांनो, त्या माणसाच्या हाताबद्दल काय सांगू! बोटं जाड, भेगाळलेली, पण माझ्या पुढच्या काठावरून फिरायची ती तान्ह्या पोराच्या टाळूवरून फिरावीत तशी. माझा उजवा भाऊ जगदेवीने घासला. मी पूर्णपणे मामांच्या हातचा आहे. हे मी अभिमानाने सांगतो, पुढचं सगळं ठाऊक असूनही सांगतो.

दोन्ही पंखांवर कागद चिकटवून झाला. आता त्याला डोप द्यायचं होतं. डोप म्हणजे एक उग्र वासाचं वार्निश. ते लावलं की कागद आखडतो आणि ढोलासारखा ताणला जातो. पण पार्सलमधून आलेल्या त्याच्या बाटलीला वाटेतच तडा गेला होता आणि निम्मं औषध भुशात मुरलं होतं. उरलं ते उजव्याला जेमतेम पुरलं. ते लावून जगदेवीने त्याला पाटावर टाचलं, कडेकडेने वजनं ठेवली. वजनं कमी पडली तेव्हा मामींनी आपला वरवंटा आणून दिला.

"एक दिवस शेंगाचटणी न्हाई खाल्ली तर कोण मरत न्हाई," त्या म्हणाल्या. वरवंटा दुसऱ्या संध्याकाळपर्यंत भावाच्या उशाशी बसून होता, आणि भाऊ असा सरळ निघाला की त्याच्यावरून ओळ आखावी.

मी मात्र कपाटावर पडून होतो. अंगावर कागद सैल, थोरल्या भावाचं झबलं धाकट्याला घातल्यासारखा. चन्नप्पा सर, म्हणजे तिचे विज्ञानाचे शिक्षक, पुण्याला गेले होते. ते शुक्रवारी दुसरी बाटली आणणार होते. स्पर्धा रविवारी. शुक्रवारी लावायचं, शनिवारी वाळलेलं काढायचं, असा तिचा हिशेब. डाव्याला हात लावू नका असं काही तिने घरात सांगून ठेवलं नाही. तशी वेळ येईल असं कुणाला वाटणार होतं?

गुरुवारी मामांना सुट्टी होती. जगदेवी शाळेत गेली. मामा दोन वेळा कपाटापाशी येऊन मला बघून गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी मला खाली काढलं आणि कागदावर बोट दाबून पाहिलं.

"सर आले न्हाईत तर? एसटी चुकली तर? पोर तोंड घेऊन बसंल," ते मामींना म्हणाले. "कागद म्हंजे बी सूतच की. खळ पाजतो. टणक हुईल."

"पोरीला इचारा तरी आदी."

"ती येईपर्यंत वाळून तयार पायजे. सव्वीस वर्सं खळ लावतोय मी, आन तू मला शिकवतीस व्हय?"

 मामांनी मक्याचं पीठ पातळ शिजवलं, धोतराच्या फडक्यातून गाळलं, त्यात तेलाचा थेंब टाकला आणि मऊ कुंचल्याने माझ्या अंगावर असा हात फिरवला की मला वाटलं, यापुढे कुठलंच वार्निश नको. खळ थोडी जड होती खरी. पण लावण्यात कणभर खोट नव्हती. एवढ्यावर थांबून त्यांनी मला पाटावर दाबून ठेवलं असतं, तरी सगळं निभावलं असतं.

पण त्यांना लहानपणचं आठवलं. त्यांचे वडील हातमागवाले. गल्लीत उभं सूत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायचं, खळीचा कुंचला मारायचा आणि भर उन्हात वाळवायचं, अशी त्यांची रीत. उजव्यावरची वजनं मामांनी पाहिली होती, पण त्यांचा अर्थ त्यांनी आपल्या परीने लावला होता. ते औषध सावलीत वाळतं म्हणून दाबावं लागतं, खळीला ऊन आणि ताण पाहिजे! त्यांनी माझ्या दोन्ही टोकांना सूत बांधलं आणि अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या दोन खांबांमध्ये मला ताणून टांगलं. फेब्रुवारी महिना, सोलापूरचं ऊन, दुपारचा एक. भिंतीवर नकाशा टांगलेला होता, आणि त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत नेमकं हेच करू नका म्हणून लिहिलेलं होतं. ते इंग्रजीत होतं.

सुरुवातीला मला बरं वाटलं. सैल कागद अंगावर बसू लागला. मग वरची बाजू उन्हाने आधी आखडली आणि लाकडाला ओढू लागली. माझी मागची धार टोकाकडे हळूहळू वर वळायला लागली, विस्तवावरच्या पापडाची कड वळते तशी. मी आवंढा गिळला म्हणू का? गिळायला घसा तरी हवा. मामा तिथेच ओट्यावर बसून माझ्यावर बसायला येणाऱ्या माश्या हाकलत होते. दोन हातांवर माझा जिवलग बसलेला, आणि मला पीळ पडतोय हे त्याला सांगायची सोय नाही. मित्रांनो, वस्तूचा जन्म फार वाईट. आपलं वाटोळं होताना आपल्यालाच सगळ्यांत आधी कळतं.

संध्याकाळी जगदेवी आली. मामा दारातच मला घेऊन उभे. त्यांनी टिचकी मारली. टण्ण!

"आईक! मिलमदलं कापड बी असं वाजत न्हाई."

जगदेवीने दप्तर खाली ठेवलं. तिने मला दोन्ही हातांनी घेतलं, एक डोळा मिटला आणि बुडापासून टोकापर्यंत माझ्या काठावरून नजर टाकू लागली. माझ्यात जीव आला. बघ, मी म्हणत होतो, टोकापर्यंत बघ, अजून दोन दिवस आहेत, ओल्या फडक्याने पूस आणि वरवंटा ठेव. तिची नजर टोकाला पोचली.

"कसा झालाय?" मामांनी विचारलं. त्यांचं तोंड असं फुललं होतं की काय सांगू.

जगदेवीने मला खाली घेतलं. "झकास झालाय मामा. लई टणक."

मी समजलो, तिला दिसलं नाही.

शुक्रवारी चन्नप्पा सरांनी बाटली आणून दिली. ती न उघडताच फळीवर गेली. शनिवारी संध्याकाळी तिघं मला आणि भावाला विमानाला जोडून होम मैदानावर घेऊन गेली. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा महिन्यापूर्वीच उठली होती, पण पाळण्यांच्या आणि दुकानांच्या खांबांचे खड्डे अजून तसेच होते. जगदेवीने विमान हाताने हलकेच सोडलं, तर ते डावीकडे कलंडत गेलं. तिने शेपटीची पट्टी जराशी उजवीकडे वाकवली. दुसऱ्यांदा सोडलं आणि आम्ही नाकासमोर तरंगत गेलो. मामांनी टाळ्या वाजवल्या. मामींनी लांबूनच दृष्ट काढत बोटं मोडली. मला वाटलं, चला, शेपटीने सांभाळून घेतलं. हळू उडताना माझा पीळ झाकला जात होता, एवढंच त्याचं मर्म होतं, हे मला रविवारी कळलं.

रविवारी मैदानावर तेरा ग्लायडरं होती. प्रत्येकाला तीन संधी. पतंगासारखं दोऱ्याने ओढत पळायचं, ग्लायडर उंच चढलं की दोरा आपोआप सुटतो, मग जितका वेळ ते हवेत राहील तितके गुण. आमचा दोरा मामांनी मिलच्या सुताचा स्वतः वळला होता. त्याची रीळ धरून तेच जगदेवीच्या मागे उभे होते.

पहिल्या संधीला जगदेवी पळाली. वेग आला, वारा माझ्या अंगाखाली भरला आणि माझं वळलेलं टोक वाऱ्याने खाली रेटलं. विमान डावीकडे आडवं झालं आणि दोऱ्यासकट जमिनीला टेकलं. दुसऱ्या वेळी तिने शेपटी आणखी वाकवली. तसंच झालं. लोक हसले नाहीत, पण "अरेरे" म्हणाले, ते जास्त लागलं. तिसऱ्या वेळी ती विमान उचलून क्षणभर तशीच उभी राहिली. तिने माझ्या टोकावर अंगठा ठेवला आणि धार खाली दाबून धरली, जणू तेवढ्याने मी ऐकणार होतो. मी ऐकलं असतं हो. माझ्या हातात असतं तर मी तिच्यासाठी मोडूनसुद्धा सरळ झालो असतो.

ती पळाली. त्या वेळी मात्र आम्ही चढलो. वर, आणखी वर, आणि दोरा सुटला. मला सिद्धेश्वराचं तळं दिसलं, किल्ल्याची भिंत दिसली, मिलचं धुराडं दिसलं. खाली एक पोरगी तोंड वर करून उभी होती आणि तिच्यामागे रीळ धरलेला एक माणूस. चार श्वास घेण्याइतका वेळ मी खरा पंख होतो. मग नाक जरा झुकलं, वेग वाढला आणि मी माझ्या बाजूला खाली ओढू लागलो. मी ओढत होतो, मित्रांनो, मीच. विमान गोल फिरत फिरत एका खड्ड्याच्या काठावर आपटलं. माझं टोक मोडलं.

परीक्षकांनी मला उचललं आणि काठावरून एकदा पाहिलं. त्यांना तेवढं पुरलं.

"बांधणी फार सुरेख आहे. पण डाव्या पंखाला पीळ आहे. वाळवताना वजन ठेवलं नव्हतं?"

मामा तिच्यामागे चार हातांवर होते.

"इसरले सर," जगदेवी म्हणाली. "माजी चूक."

मामांनी ते ऐकलं. त्यांच्या हातातली रीळ सुटली आणि सूत उलगडत मातीतून लांबवर गेलं. ते गोळा करायला ते वाकले आणि किती तरी वेळ वाकूनच होते.

घरी जाताना मामा सायकल हातात धरून चालत होते, मी मागच्या कॅरियरला बांधलेला होतो. मामांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा "उद्या पैली पाळी हाय" एवढंच म्हणाले. जगदेवी म्हणाली, "व्हय." मामींनी त्या दिवशी शेंगाचटणी वाटली नाही. मी वाट बघत होतो, कुणी तरी एक वाक्य बोलेल. जूनमध्ये जगदेवीची सतरा पूर्ण झाली, तरी ते वाक्य आलं नाही.

पुढे ती शिकली आणि माढ्याच्या शाळेत मास्तरीण झाली. विमानाचं धड आणि उजवा पंख तिने चन्नप्पा सरांना शाळेच्या कपाटात ठेवायला दिले. मला कुणी मागितलं नाही, मोडका होतो. मामांनीच मला फळीवर ठेवलं, हंड्याच्या मागे, जिथे हात सहज जात नाही. धुरळा बसला. एका पालीने माझ्या सावलीत दोन पावसाळे काढले. दिवाळीत मामी भांडी उतरवायच्या तेव्हा मामा अंगणात जाऊन बसायचे.

पाचव्या वर्षी एका दुपारी त्यांनी मला खाली काढलं. सोबत पिवळा पडलेला तो नकाशा घेतला आणि मला काखेत धरून थेट चन्नप्पा सरांचं घर गाठलं.

"सर, ह्याच्यावर खाली काय लिव्हलंय, तेवढं मराठीत सांगा."

सरांनी चष्मा लावला. "कागद ओला असताना पंख उन्हात टांगू नये. पूर्ण वाळेपर्यंत सपाट फळीवर दाबून ठेवावा. पीळ पडल्यास वाफ देऊन पुन्हा दाबावा, सरळ होतो."

"सरळ होतो? मागनं बी होतो?"

"होतो की. एका रात्रीचं काम."

मामा तिथेच पायरीवर बसले. एका रात्रीचं काम! शुक्रवारची एक रात्र होती, शनिवारची एक होती. घरी येऊन त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि मला त्या वाफेवर धरलं. हात फिरवायची रीत तीच होती. मोडकं टोक त्यांनी डिंकाने जोडलं, मला पाटावर टाचलं आणि मामींना न विचारता वरवंटा उचलून आणला. दुसऱ्या दिवशी मी सरळ होतो. उजव्या भावासारखा सरळ! मामांनी मला डोळ्यासमोर धरलं, काठावरून पाहिलं आणि म्हणाले, "आता हाय बग बराबर." ऐकायला घरात कुणी नव्हतं. मामी पाण्याला गेल्या होत्या.

दिवाळीच्या सुट्टीत जगदेवी आली. मी पाटावरच होतो. तिने मला पाहिलं, उचललं, एक डोळा मिटला आणि बुडापासून टोकापर्यंत नजर नेली, अगदी त्या गुरुवारी नेली होती तशी.

"मामा, पीळ काढलासा?"

"व्हय." मामा भिंतीकडे बघत बोलत होते. "मीच पाडला हुता. माज्यामुळं तुजं पुणं गेलं, जगव्वा. पाच वर्सं सांगीन सांगीन म्हनतोय. जीभच उचलत न्हाई."

जगदेवीने मला मांडीवर घेतलं.

"मला तवाच दिसलं हुतं मामा. खांबावरनं काढून तुमी हातात दिला तवाच."

"आँ? मग बोलली का न्हाईस? दोन रोज हुते की हातात!"

"तुमी इचारलंसा, कसा झालाय म्हणून." तिने माझ्या टोकावर अंगठा ठेवला. "तुमचं तोंड बगून मला न्हाई सांगवलं. वाटलं, शेपटीनं सावरून घीन."

 मामांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, मग त्याच सोग्याने माझ्यावरचा धुरळा पुसला. फळीवर न उघडलेली बाटली अजून होती, आत औषध आटून खडा झालेलं. जगदेवीने ती हातात घेऊन हलवली. आतून खडखड वाजलं.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना बोलता येत नाही, म्हणून आम्ही पिळात वाळतो. तुम्हाला तर बोलता येतं! माझी एवढीच विनवणी आहे. दुसऱ्याच्या कामाला मायेने हात लावाल तेव्हा त्याला आधी एकदा विचारा. आणि आपल्या माणसाच्या हातून चूक झालेली दिसली, तर त्याचं तोंड कितीही फुललेलं असो, कागद ओला असतानाच सांगा. नंतर वाफ दिली की पंख सरळ होतो, हे खरं आहे. मी आज सुतासारखा सरळ आहे. पण माझं विमान राहिलं नाही, आणि ती पोरगी आता सोळा वर्षांची नाही.

सुट्टी संपून माढ्याला परत निघताना जगदेवीने मला पुन्हा पाटावर ठेवलं. मी केव्हाच वाळलो होतो, तरी मामांनी वरवंटा आणून माझ्या कडेला ठेवला. तो कुणीच उचलला नाही. घरची चटणी आता मामी शेजारणीच्या पाट्यावर वाटून आणतात.